राक्षसांची भट्टी

द्राक्षं तुडवून झाली, पाय धुऊन झाले, आणि सगळे जण जांभळ्या घोट्यांनी उन्हाला बसले तेव्हा गावचा म्होरक्या असलेल्या सिकारकाकानं सांगून टाकलं, की या गावातला हा शेवटचा हंगाम.

"थंडीच्या तोंडावर संत मार्तिनचा सण झाला की गाड्या भरायच्या," तो म्हणाला. "योन नदी ओलांडून सरदाराच्या जमिनीवर जायचं. तिथं कोठारं आहेत, कुंपण आहे, कारभारी आहे. इथं काय आहे? सात चुली आणि एक लंगडा बैल."

"लंगडा नाही तो, विचार करत चालतो," मॅग्नुल्फ म्हणाला. बैल त्याचा होता.

एरवी सगळे हसले असते. आज कुणी हसलं नाही.

मॅग्नुल्फची बायको दोम्नोला लेकीला पाजत बसली होती. बेर्तिला ऐन कापणीत जन्मलेली, तोंड अक्रोडाएवढं आणि भूक त्या बैलाएवढी. ती पीत होती आणि तिची एक मूठ आईच्या वेणीत घट्ट अडकली होती.

"तिथं गेल्यावर आम्ही कुणाचे, काका?" दोम्नोलानं विचारलं.

"सरदाराचे. आणखी कुणाचे?"

"आणि ही?"

"ही पण त्यांचीच. पोट तर भरेल पोरीचं! कारभारी सांगेल तिथं राबेल, सांगेल तिथं नांदेल."

दोम्नोलानं मूठ सोडवायचा प्रयत्न केला. ती सुटेना.

लहानपणी तिनं दोन गावं सोडली होती. पहिल्या गावातून निघताना मागं वळून बघितलं तेव्हा धूर दिसत होता, दुसऱ्यातून निघताना तोही नव्हता. मग नदीच्या खालच्या अंगाला एका गावात तिची आई टेकली, आणि तिथून लग्न होऊन ती या खोऱ्यात आली. इथल्या पहिल्याच वसंतात तिनं दाराशी अक्रोडाचं रोप लावलं, तर सासू म्हणाली, "फळं धरायला किती वर्षं लागतात, ठाऊक आहे ना?" दोम्नोला म्हणाली, "ठाऊक आहे म्हणूनच लावतेय."

सिकारकाका काही वाईट माणूस नव्हता. गेल्या थंडीत त्यानंच दोन घरांची दारं बाहेरून लावून घेतली होती. आतून लावायला कुणी उरलं नव्हतं. त्याचंही म्हणणं खोटं नव्हतं. प्रत्येक घराची चूल वेगळी, जातं वेगळं, सरपण वेगळं. दिवसभर सात बाया सात निखाऱ्यांपाशी जवाच्या जाड भाकऱ्या राखेत भाजत बसणार आणि द्राक्षमळ्यात रान माजणार.

याला कारण होती मरी. इंगोबेर्गा, म्हणजे दोम्नोलाची सासू, सांगायची, की तिच्या आजीच्या लहानपणी टेकडीवर उभं राहिलं तर खोरंभर धूर मोजता यायचे नाहीत. मग मरी आली, पुन्हा आली, आणि जाताना एक नियम मागं ठेवून गेली: एका घरचं अन्न दुसऱ्या घरच्या तोंडात जायचं नाही. विस्तव मागायचा नाही, पीठ उसनं द्यायचं नाही. मरी घासावर बसूनच या घरातून त्या घरात गेली, असं जुनी माणसं म्हणत. सणाचं गावजेवण असलं तरी प्रत्येक कुटुंब आपलं गाठोडं मांडीवर घेऊन, बाकीच्यांकडं पाठ करून बसणार. दोम्नोला नवी नवरी म्हणून आली त्या दिवशी तिला वाटलं होतं, हे सगळे एकमेकांशी भांडलेत.

* * *

दुसऱ्या दिवशी शेळीचं एक करडू हरवलं.

मॅग्नुल्फच्या शेळ्या चढावरच्या राक्षसांच्या घरात बांधलेल्या असत. ते घर म्हणजे काटेरी झुडपांत बुडालेल्या भिंती आणि मधोमध एक घुमटाची खोली, तेवढीच काय ती धड उभी. तिचे दगड इतके सारखे कापलेले होते, की ते माणसांनी कापले असतील यावर कुणाचा विश्वास नव्हता. राक्षस होते, त्यांनी बांधलं, ते मेले. गावात यापलीकडं कुणी चौकशी केली नव्हती.

करडाचा आवाज येत होता भिंतीच्या बुडाशी. दोम्नोलानं पोरगी सासूकडं दिली, काटे बाजूला केले आणि रांगत आत डोकं घातलं. करडू तिथंच होतं, मजेत. पण दोम्नोला करडाकडं बघतच नव्हती.

समोर विटांची एक कमान होती, आत शिरता येईल एवढी. कमानीच्या आत काळंभोर. तिनं बोट फिरवलं, काजळी लागली. आणखी आत, जमिनीपासून मांडीएवढ्या उंचीचे विटांचे बुटके खांब, ओळींमागून ओळी, खोलीच्या फरशीखाली थेट अंधारापर्यंत गेलेले.

ती तशीच काजळी लागल्या तोंडानं धावत घरी आली.

"अहो, भट्टी! राक्षसांची भट्टी आहे तिथं! पावाची!"

मॅग्नुल्फनं तिच्याकडं बघितलं. "करडू?"

"करडू मरू दे. म्हणजे मरू नको दे, ते आहे तिथंच. अहो, माझ्या माहेरी भट्टी होती, मला कळत नाही का? तोंड तसंच, काजळी तशीच. पण केवढी! आख्ख्या खोलीएवढी! शंभर पाव एका वेळी बसतील."

"आणि ते खांब कशाला?"

दोम्नोलानं बाहीनं तोंडावरची काजळी पुसली. "पाव एकमेकांना चिकटू नयेत म्हणून," ती म्हणाली.

मॅग्नुल्फला हे पटलं. खरं तर बायको एवढी हसत होती, की त्याला काहीही पटलं असतं.

* * *

गावाला पटवणं एवढं सोपं नव्हतं. 

"माझ्या माहेरी एक भट्टी आहे आणि आठवड्यातून एकदा एकच बाई सगळ्यांचं भाजते," दोम्नोला सगळ्यांसमोर म्हणाली. "बाकीच्या मोकळ्या. सरपण एकदाच लागतं. आणि भट्टी आहे म्हणून मिठाची नाव थांबते, लोहार थांबतो. गरम पाव मिळतो म्हटल्यावर कोण पुढं जाईल? तुम्ही म्हणता ना काका, सात चुलींचं गाव टिकत नाही? मग एक चूल करून बघू या."

"खालच्या गावची शहाणी," इंगोबेर्गा म्हणाली. ती या सगळ्यांत वयानं मोठी. तिचे गुडघे आणि तिची जीभ दोन्ही गावात प्रसिद्ध होते. "आणि मरीचं काय? तिला काय सांगणार, माझ्या माहेरी असं करतात म्हणून?"

"आत्याबाई, पीठ ज्याचं त्याचं. पाव ज्याचा त्याचा. प्रत्येकानं आपल्या पावावर आपली खूण करायची. तुमचा पाव तुमच्याच तोंडात जाणार."

"आणि आग? आग कुणाची?"

प्रश्न खरा होता. दुसऱ्याच्या विस्तवावर भाजलेलं अन्न म्हणजे दुसऱ्याचंच अन्न.

रुस्तिकुला म्हणून एक शेजारीण होती, अंगानं भरलेली आणि सदा भुकेली. तीच बोलली. "मी काय म्हणते, प्रत्येकानं आपल्या चुलीतला निखारा आणून टाकला तर? म्हणजे आत माझी पण आग असणार ना? माझ्या पावाला माझी लागेल, तुमच्याला तुमची."

"आगीला कसं कळणार कुठला पाव कुणाचा?" सिकारकाकानं विचारलं.

"खूण असणारच आहे की पावावर!"

यावर इंगोबेर्गानं बराच विचार केला आणि शेवटी मान हलवली. "हे बरोबर आहे," ती म्हणाली.

सिकारकाकानं कपाळाला हात लावला. मग तो दोम्नोलाकडं वळला. "सरदाराकडं निरोप मी अजून धाडलेला नाही. मार्तिनच्या सणाला भट्टी लाव. खाण्यासारखा पाव निघाला तर थंडी इथं काढायचं बघू. नाही निघाला तर दुसऱ्या दिवशी गाड्या भरायच्या, आणि तू रडायचं नाहीस."

"मी रडतच नाही," दोम्नोला म्हणाली. बेर्तिला तिच्या वाटचंही रडत होती.

* * *

तिनं आंबवण धरलं. कोंडा आणि द्राक्षाच्या सालांचं पाणी एका मडक्यात घालून ते ती रात्री पोरीच्या शेजारी, स्वतःच्या कुशीत ठेवायची. मॅग्नुल्फ म्हणायचा, "अंथरुणात आता तीन बायका झाल्या, त्यातली एक फसफसते." चौथ्या रात्री मडक्यानं झाकण उडवलं आणि ती आनंदानं ओरडली तशी बेर्तिला दचकून उठली, पलीकडून इंगोबेर्गा ओरडली, "कोण मेलं?"

"कुणी नाही, आत्याबाई! जन्मलंय!"

आंबवण तर वाटता येणार नव्हतं, नियमात बसत नव्हतं. म्हणून प्रत्येक बाईनं आपापलं मडकं धरलं आणि आपापल्या अंथरुणात घेतलं. गावातले सगळे पुरुष त्या आठवड्यात कुरकुरत होते.

सणाच्या आदल्या दिवशी सात घरांतून सात निखारे आले. वाटेत कुणी कुणाच्या निखाऱ्यावर फुंकर घालू नये म्हणून इंगोबेर्गा कमानीपाशी काठी घेऊन बसली. निखारे आत पडले, वर ओकचे ओंडके गेले, आणि आग अशी लागली की घुरघुर आवाज करत धूर बाहेर यायच्या ऐवजी आतच पळायला लागला.

"धूर कुठं चाललाय?" मॅग्नुल्फनं विचारलं.

सगळ्यांनी वर बघितलं. खोलीच्या भिंतींच्या आतून, वरच्या कडेला, चारही बाजूंनी धुराचे बारीक पट्टे निघत होते, जणू घरच श्वास सोडत होतं. असलं काही दोम्नोलाच्या माहेरी नव्हतं. पण आता एवढ्या पुढं आल्यावर तिनं तसं बोलून दाखवलं नाही.

"राक्षसांची पद्धत," ती म्हणाली.

ते दिवसभर लाकूड घालत राहिले, रात्री पाळीपाळीनं घातलं. भट्टी तापायला वेळ लागतो, हे दोम्नोलानं आधीच सांगून ठेवलं होतं. सकाळी मॅग्नुल्फ तक्रार करत खाली आला. "शेळ्या आज बाहेर निघेनात. ओढून काढल्या एकेक. शिंग मारलंय मला, इथं बघ." कुणी बघितलं नाही. सगळ्यांच्या हातात पाव होते.

पाव काय सुंदर दिसत होते! गोल, फुगलेले, ओल्या फडक्याखाली श्वास घेतल्यासारखे. इंगोबेर्गानं आपल्यावर काठीचा ठसा मारला होता. रुस्तिकुलानं आख्खा पंजा उमटवला होता. दोम्नोलानं बेर्तिलाचा तळवा हलकेच दाबला होता, पाच मोहऱ्यांएवढी पाच बोटं. विस्तव बाजूला ओढला, लांब दांड्याच्या फळीवर एकेक पाव ठेवून खांबांच्या मधून जाईल तितका आत ढकलला, कमानीला दगड लावला, आणि सगळे वाट बघत बसले. आपापल्या दिशेला तोंडं करून.

बऱ्याच वेळानं दोम्नोलानं दगड काढला.

पहिला पाव बाहेर आला तो कोळसा होता. दुसरा एका बाजूनं कोळसा. तिसरा खांबाला धडकून उलटला होता. मग जे निघाले ते नुसते काळे होते, जळून नव्हे, काजळीनं. वरून, फरशीच्या पोटातून, किती पिढ्यांची काजळी धबाधबा पडली होती त्यांच्यावर. आणि काळ्या सालीखाली पीठ अजून मऊ, दाबलं की बोट आत जात होतं.

सिकारकाका हळूच उठला आणि दोम्नोलाच्या खांद्यावर हात ठेवला. तो रागावला असता तर बरं, असं तिला वाटलं.

"प्रयत्न केलास पोरी," तो म्हणाला. "सगळ्यांनी आपापला पाव उचला. उद्या गाड्या."

"पण माझा कुठला?" रुस्तिकुलानं विचारलं.

सगळ्यांनी पुढं वाकून बघितलं. काठी नव्हती, पंजा नव्हता, बोटं नव्हती. ओळीनं मांडलेले काळे गोळे, सगळे एका आईची लेकरं असल्यासारखे.

"तो माझा," एक म्हणाली.

"तुझा इतका फुगेल होय? तो माझा."

"मग हा जळका कुणाचा?"

"तो तुझाच, तूच सकाळी घाई करत होतीस!"

"सगळेच टाकून द्या," इंगोबेर्गा गरजली. "एक घास चुकीच्या तोंडात गेला तर सगळं खोरं..." ती थांबली, कारण रुस्तिकुला चावत होती.

"हा माझाच आहे," रुस्तिकुला भरल्या तोंडानं म्हणाली. "मला ठाऊक आहे माझा." तिनं चघळलं. मग चघळणं मंदावलं. "नाही," ती म्हणाली. "माझा नाही. यात मीठ आहे."

सगळे तिच्याकडं बघत राहिले. ती सगळ्यांकडं बघत राहिली. घास तोंडात होता.

"गिळलास?" इंगोबेर्गानं विचारलं.

रुस्तिकुलानं घास गिळून मान डोलावली.

"काय होतंय?"

तिनं स्वतःच्या पोटात काय चाललंय ते नीट ऐकलं. "भूक लागलीय," ती म्हणाली. "आणि कच्चाय. पण मीठ! किती दिवसांनी! मिठाची नाव थांबायची बंद झाल्यापासून कुणाच्या घरात मीठ आहे?"

हळूहळू सगळी तोंडं सिकारकाकाकडं वळली. काकाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"थोडंसंच आहे," तो म्हणाला. "मडक्याच्या तळाशी."

आधी मॅग्नुल्फ हसला. मग सिकारकाकाची स्वतःची बायको हसली, आणि मग कुणालाच थांबता येईना. दोम्नोला हसता हसता मटकन खाली बसली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते कसलं पाणी हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. रुस्तिकुलानं दुसरा घास घेतला, "मेले तर खारट मरेन," असं म्हणून. कुणीतरी काळी साल काढली, कच्च्या पावाचे जाड काप केले आणि बाजूला ओढलेल्या निखाऱ्यांवर लावले. साल सोलली की सगळेच पाव सारखे पांढरे. कुणी मध लावला, कुणी शेळीचं लोणी. हा कुणाचा, तो कुणाचा, हे विचारायला एकमेकांकडं तोंड करावं लागत होतं, आणि मग तोंडं तशीच राहिली.

दोम्नोलानं पहिला छान भाजलेला काप सासूसाठी उचलला. "आत्याबाई कुठं गेल्या?"

इंगोबेर्गा कुठंच नव्हती.

* * *

ती सापडली घुमटाच्या खोलीत. "असल्या बाटवाबाटवीत मी बसायची नाही," असं रागानं पुटपुटत वारा चुकवायला ती आत गेली होती. आता ती फरशीवर, शेळ्यांच्या लेंड्यांत, दोन्ही पाय लांब पसरून बसली होती. आजूबाजूला शेळ्या. त्या कधी परत आत शिरल्या, कुणालाच कळलं नव्हतं.

"आत्याबाई, उठा, काप आणलाय."

"नाही उठणार."

"पडलात का? लागलं का?"

"लागलं नाही गं. बस इथं."

"अहो, घाण आहे."

"बस म्हणते ना!"

दोम्नोला बेर्तिलाला छातीशी धरून बसली. आणि बसल्या बसल्या ताठ झाली. फरशी गरम होती. उन्हात तापलेल्या दगडासारखी नव्हे. दुपारी झोपलेल्या गाईच्या कुशीसारखी, खोलवरून, हळू. तिनं हात टेकवला. भिंतीला टेकवला. भिंतसुद्धा ऊबदार होती.

"बावीस थंड्या झाल्या, हा गुडघा सरळ झाला नव्हता," इंगोबेर्गा हलक्या आवाजात म्हणाली. "बघ." आणि तिनं तो सरळ केला, वाकवला, पुन्हा सरळ केला, एखाद्या पोरीला नवीन खेळणं मिळावं तसा. "ही पावाची भट्टी नाही गं बाई. राक्षस पाव नव्हते भाजत."

"मग?"

"स्वतःला भाजत होते!"

दोम्नोलानं हाक मारली तसे सगळे आले. आत आल्यावर प्रत्येकाचं तेच झालं: आधी नाक दाबलं, मग पाय थबकले, मग जोडे काढले. मॅग्नुल्फ पालथा झोपला आणि गाल फरशीला लावून म्हणाला, "आणि मी शेळ्यांना मूर्ख म्हणत होतो." पोरं खरडून खरडून लेंड्या बाजूला करायला लागली आणि खाली रंगीत खड्यांचा एक मासा निघाला, डोळा निळा. सगळ्यांना तो बघायचा होता. त्याच्यावर आधीच रुस्तिकुला बसली होती.

सिकारकाका तेवढा दारात उभा होता. जोडे पायांत.

"ऊब आहे, मी नाही म्हणत नाही," तो म्हणाला. "सगळी पोरं, म्हातारी एका जागी झोपली तर थंडी निघेल, हेही खरं. पण दोम्नोला, तू कालपासून किती लाकूड जाळलंस, बघितलंस? महिन्याचं सरपण एका रात्रीत. ही फरशी आपल्यापेक्षा जास्त खाते. मळा सांभाळायचा की जंगल तोडायचं? हात आहेत कुठं एवढे?"

दोम्नोलानं फरशीवर टेकलेला हात काढून घेतला. ते सगळ्यांनी बघितलं, आणि खोलीतला आवाज एकदम खाली बसला. फक्त बेर्तिला, फरशीवर ठेवलेली, पाय झाडत आपल्याशीच काहीतरी बोलत होती.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं, "जिवंत आहे का कुणी?"

चढावर माणसं उभी होती. टेकडीवरच्या जंगलातले कोळसेवाले, बायकापोरांसकट, हातात कुऱ्हाडी आणि भिजवलेली पोती, चेहरे दोम्नोलाच्या पावांसारखे काळे. गावाचा आणि त्यांचा संबंध मरीपासून तुटलेला. दुरून दिसले की दोघंही बाजूनं जायचे.

"काल दिवसभर धूर दिसत होता," त्यांच्यातला पुढचा, आगिलान नावाचा उंच माणूस म्हणाला. "दगडी घरातून, चारी बाजूंनी. आज सकाळीही तसाच. आम्ही म्हटलं, गाव जळतंय."

"आणि विझवायला आलात?" मॅग्नुल्फनं विचारलं.

आगिलाननं आपल्या बायकोकडं बघितलं. "विझवायला आलो," तो म्हणाला. "आणि विझलं नसतं तर, काही उरलंय का बघायला."

"हे खरं बोलतात," इंगोबेर्गा आतून म्हणाली. "बोलव त्यांना आत. आणि दार लाव, ऊब जातेय!"

त्यांच्या बायका आत येऊन फरशीला हात लावून आपापसांत हळू आवाजात बोलत राहिल्या. आगिलानच्या बायकोचे दिवस भरत आले होते. ती भिंतीला पाठ लावून खाली सरकली आणि तिनं डोळे मिटले. दोम्नोलानं सासूसाठी आणलेला काप तिच्या हातात दिला. देऊन झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, आपण काय केलं. इंगोबेर्गानं ते बघितलं होतं. म्हातारी पुन्हा गुडघा वाकवून बघायला लागली.

"धान्य आहे तुमच्याकडं," आगिलान बायकोनं मोडून दिलेला घास संपवत म्हणाला. तो प्रश्न नव्हता. "आम्हाला धान्य नाही. चेस्टनटची फळं आणि डुकराचं मांस, बस."

"आणि लाकूड?" दोम्नोलानं विचारलं.

"लाकूड?" तो हसला, आणि काळ्या चेहऱ्यात दात चमकले. "बाई, कोळशासाठी आम्ही सरळ लाकूड निवडतो. वाकडं, गाठीचं, फांद्याबिंद्या तिथंच कुजतात. डोंगर आहेत डोंगर. पायाला अडकतात. कुणी नेईल का, असं झालंय."

दोम्नोलानं हळूच मान वळवून सिकारकाकाकडं बघितलं. मग मॅग्नुल्फनं बघितलं. मग सगळ्यांनी. काका दारात उभा राहून दाढी खाजवत होता.

"तो लंगडा बैल," तो शेवटी म्हणाला, "वाकडं लाकूड ओढेल का?"

"विचार करून ओढेल," मॅग्नुल्फ म्हणाला.

सिकारकाका खाली वाकला आणि जोड्याची गाठ सोडायला लागला. गाठ सुटेना, रुस्तिकुलानं माशावरून उठून ती सोडून दिली, आणि तेवढ्यात तिची जागा एका शेळीनं घेतली.

"निरोप तर धाडावाच लागेल," काका फरशीवर बसत म्हणाला. अनवाणी पाय टेकल्याबरोबर त्याचा चेहरा सैल झाला. "कारभाऱ्याला सांगतो, यंदा जमत नाही. काम आहे."

त्यानंतर जो गोंगाट झाला तो जागांवरून झाला. कमानीच्या वरची जागा सगळ्यांत ऊबदार, ती इंगोबेर्गानं पाय पसरून आधीच धरली होती. आगिलानच्या बायकोनं कुठं झोपायचं, घोरणाऱ्यांना कुठल्या भिंतीला लावायचं, शेळ्या आत की बाहेर, यावर इतके आवाज चढले, की घुमटाखाली माणसं दुप्पट वाटत होती. खोऱ्यात इतकी माणसं एका छपराखाली भांडली त्याला किती पिढ्या झाल्या होत्या, कुणास ठाऊक.

या सगळ्यात बेर्तिला झोपून गेली. फरशीवर, उताणी, दोन्ही हात डोक्याच्या वर टाकून. जन्मल्यापासून ती आईच्या अंगाशिवाय कुठं झोपली नव्हती. थंड बिछान्याला पाठ टेकली की ती रडायची. दोम्नोला तिच्याकडं बघत बसली. मग तिनं आपल्या हातांकडं बघितलं. दोन्ही मोकळे होते, आणि त्यांचं काय करायचं हे तिला चटकन सुचेना.

"रिकामी बसलीस तर पीठ मळ," इंगोबेर्गा डोळे न उघडता म्हणाली. "उद्या भूक लागणारच आहे सगळ्यांना. आणि खरी भट्टी कशी बांधतात ते तुझ्या माहेरी विचारून ये वसंतात. चटकन परत ये मात्र."

दोम्नोलानं बाह्या वर केल्या. "किती जणांचं मळू, आत्याबाई?"

म्हातारीनं एक डोळा उघडला, घुमटाखालची गर्दी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितली, आणि पुन्हा मिटला.

"परात कुणाची मोठी आहे ते बघ आधी," ती म्हणाली.